संघनन पॉलिमर कसे तयार होतात? कारखान्यातले आणि निसर्गातले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायलॉनचा धागा, पाण्याची प्लास्टिकची बाटली, कापूस, रेशीम, स्टार्च आणि आपल्या पेशींमधलं प्रत्येक प्रथिन यांच्या लांबलचक साखळ्या एकाच रासायनिक तत्त्वावर जोडल्या गेलेल्या असतात. दोन रेणू जुळतात आणि जुळताना एक छोटा रेणू बाहेर पडतो. बहुतेकदा तो पाण्याचा असतो. पुस्तकात हा छोटा रेणू समीकरणाच्या अगदी शेवटी, अधिक चिन्हानंतर येतो आणि तिथेच विसरला जातो. मला मात्र वाटतं की हा विषय समजायचा तर नजर त्याच्यावरच ठेवायला हवी. तो जातो कुठे, त्याला कोण घालवतं आणि तो परत आला तर काय होतं, हे कळलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. पुढच्या उत्तरांमध्ये तो पुन्हा पुन्हा भेटेल.

संघनन पॉलिमर म्हणजे नेमकं काय?

आधी एक साधी अभिक्रिया घेऊ. ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल एकत्र तापवले की आम्लाच्या कार्बोक्झिल गटाची आणि अल्कोहोलच्या हायड्रॉक्सिल गटाची गाठ पडते. एस्टर तयार होतो आणि पाण्याचा एक रेणू सुटतो. गोष्ट इथेच संपते, कारण दोन्ही रेणूंकडे जुळण्यासारखा एकेकच गट होता.

आता आम्ल असं घ्या की ज्याच्या दोन्ही टोकांना कार्बोक्झिल गट आहेत, आणि अल्कोहोल असं की ज्याच्या दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल गट आहेत. दोन्ही हात मोकळे असलेली माणसं एकमेकांचा हात धरून उभी राहिली की रांग कितीही लांब होऊ शकते, तसं इथे होतं. एक टोक जुळलं तरी दुसरं मोकळंच राहतं. प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू सुटतो आणि साखळी वाढत जाते. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल यांच्यापासून अशी साखळी बनली की ती पॉलिएस्टर, म्हणजेच पाण्याच्या बाटलीचं पीईटी. अल्कोहोलच्या जागी दोन टोकांचं अमाइन (नायट्रोजनयुक्त गट असलेला रेणू) घेतलं तर पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनचं कुटुंब.

जुळणारे हे लहान रेणू म्हणजे मोनोमर किंवा एकवारिक. त्यांची साखळी म्हणजे पॉलिमर किंवा बहुवारिक.

पॉलिथिनसारख्या पॉलिमरपेक्षा हे वेगळे कसे?

पॉलिथिन हा समावेशन पॉलिमर. इथिलीनचा दुहेरी बंध उघडतो आणि रेणू एकामागून एक जोडले जातात. काहीच बाहेर पडत नाही, मोनोमरमधला प्रत्येक अणू पॉलिमरमध्ये सापडतो. संघननात तसं होत नाही. पॉलिमरचं वस्तुमान मोनोमरांच्या बेरजेपेक्षा कमी भरतं आणि जी तूट दिसते ती सुटून गेलेल्या छोट्या रेणूंची असते. ही विभागणी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरोथर्स यांनी १९२९ मध्ये केली.

त्याहून महत्त्वाचा फरक वाढीच्या पद्धतीत आहे. समावेशनात एका क्रियाशील टोकाला मोनोमर भराभर चिकटत जातात. अभिक्रिया अर्ध्यावर असताना थांबवली तर भांड्यात पूर्ण वाढलेल्या लांब साखळ्या आणि अजिबात न वापरलेला मोनोमर, असे दोन्ही सापडतात. संघननात कोणीही कोणाशीही जुळतं: मोनोमर मोनोमरशी, दोनाचा तुकडा तीनाच्या तुकड्याशी, वीसचा तुकडा चाळीसच्या तुकड्याशी. मोनोमर सुरुवातीलाच जवळजवळ संपतो, पण साखळ्या आखूडच असतात. खऱ्या लांब साखळ्या अगदी शेवटी मिळतात. पॉल फ्लोरी यांनी म्हणूनच पुढे ‘काय बाहेर पडतं’ याऐवजी ‘वाढ कशी होते’ या निकषावर भर दिला. आज रसायनशास्त्रज्ञ टप्प्याटप्प्याची वाढ आणि साखळी-वाढ असे दोन वर्ग मानतात. जुने आणि नवे वर्ग बहुतेक ठिकाणी जुळतात, सगळीकडे नाही. नायलॉन ६ आणि पॉलियुरेथेन हे अपवाद पुढे येतीलच.

साखळी लांब करणं इतकं अवघड का?

या प्रश्नाचं उत्तर एका छोट्या समीकरणात आहे. कॅरोथर्स यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. दोन्ही मोनोमर अगदी समप्रमाणात असतील तर

सरासरी लांबी (साखळीतल्या मोनोमरांची संख्या) = १ ÷ (१ − अभिक्रिया झालेल्या गटांचा अंश)

यात आकडे घालून पाहा. निम्मे गट जुळले, तर सरासरी लांबी फक्त २. म्हणजे अर्धी अभिक्रिया उरकली तरी हातात जेमतेम जोड्या. ९० टक्के जुळले तर १०. ९५ टक्क्यांना २०. ९९ टक्क्यांना १००, आणि ९९.५ टक्क्यांना २००. एरवी सेंद्रिय रसायनशास्त्रात ९० टक्के अभिक्रिया झाली तर प्रयोग उत्तम झाला म्हणतात. इथे त्या ९० टक्क्यांत फक्त एक चिकट, ठिसूळ पदार्थ मिळतो, ज्याचा धागा ओढता येत नाही. शेवटच्या एका टक्क्यात जे घडतं, त्यावर वस्त्र होणार की नाही हे ठरतं.

शेवटचा तो टक्का अडतो कुठे? पाण्यापाशी. एस्टर बनण्याची अभिक्रिया उलटही चालते. सुटलेलं पाणी भांड्यातच राहिलं तर ते तयार एस्टर पुन्हा तोडतं आणि समतोल येतो. ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल यांच्या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक सुमारे ४ आहे. तेवढाच स्थिरांक असलेलं पॉलिएस्टर बंद भांड्यात बनवायला घेतलं, तर गणिताने सरासरी लांबी निघते ३. कितीही दिवस तापवा, ३. अमाइडचा, म्हणजे आम्ल आणि अमाइन जुळून होणाऱ्या बंधाचा, समतोल पॉलिमरच्या बाजूने बराच जास्त झुकलेला असतो, म्हणून नायलॉनची स्थिती तुलनेने बरी. तरीही बंद भांड्यात कामाचा नायलॉन होत नाही.

म्हणजे पॉलिमर बनवण्याच्या कलेतला मोठा भाग पाणी घालवण्याचाच आहे. १९३० मध्ये ड्युपाँ कंपनीत कॅरोथर्स यांच्या गटाने नेमकं हेच केलं. अतिशय कमी दाबाखाली चालणाऱ्या एका ऊर्ध्वपातन उपकरणात त्यांनी पॉलिएस्टर तापवलं आणि सुटणारं पाणी लगोलग काढून घेतलं. रेणुवस्तुमान दहा हजारांच्या पुढे गेलं. सहकारी ज्युलियन हिल यांनी त्या वितळलेल्या पदार्थातून काडीने धागा ओढला. थंड झाल्यावर तो आणखी ताणला, तर तो तुटण्याऐवजी लांब, चमकदार आणि मजबूत झाला. ताणल्यामुळे साखळ्या एका दिशेने ओळीत आल्या होत्या. ते पॉलिएस्टर कमी तापमानालाच वितळत असे, त्यामुळे कापडासाठी निरुपयोगी ठरलं. पण कृत्रिम धाग्याची वाट त्या दिवशी मोकळी झाली.

कारखान्यात पाणी कसं काढतात?

उष्णता आणि निर्वात. नायलॉन ६,६ मध्ये सुरुवातीचं मिश्रण दाबाखाली तापवतात, म्हणजे बाष्पाबरोबर मोनोमर उडून जात नाही. साखळ्या थोड्या वाढल्या की दाब सोडतात, तापमान २७०-२८० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात आणि वाफ बाहेर जाऊ देतात.

पीईटीची युक्ती मला जास्त आवडते. तिथे आधी ग्लायकॉल मुद्दाम जास्त घेतात. पहिल्या टप्प्यात पाणी सुटतं आणि आम्लाच्या दोन्ही टोकांना ग्लायकॉल बसलेले छोटे रेणू तयार होतात. दुसऱ्या टप्प्यात, सुमारे २७०-२९० अंशांना आणि निर्वातात, असे दोन रेणू एकमेकांना जुळतात आणि पाण्याऐवजी ग्लायकॉल बाहेर पडतं. जास्तीचं ग्लायकॉल असं स्वतःच निघून जात असल्यामुळे दोन मोनोमरांचं प्रमाण आपोआप बरोबर होतं. उत्प्रेरक म्हणून बहुधा अँटिमनीची संयुगं वापरतात. बाटलीसाठी आणखी लांब साखळ्या लागतात. त्यासाठी पीईटीचे दाणे वितळू न देता घन अवस्थेतच दोनशे अंशांच्या थोडं पुढे तासन्‌तास ठेवतात. उरलेली टोकं सावकाश जुळत राहतात.

मोनोमरचं प्रमाण थोडं चुकलं तर काय बिघडतं?

समजा अमाइन १०० रेणू आणि आम्ल ९९ रेणू घेतलं. सगळं आम्ल संपलं की प्रत्येक साखळीच्या दोन्ही टोकांना अमाइनच उरतं, आणि अमाइन अमाइनशी जुळत नाही. वाढ तिथेच थांबते. अभिक्रिया शंभर टक्के झाली तरी सरासरी लांबी १९९ च्या पुढे जाऊ शकत नाही.

नायलॉन ६,६ मध्ये यावर फार सुंदर उपाय आहे. हेक्सामिथिलीन डायअमाइन आणि ॲडिपिक आम्ल यांचं आधी क्षार बनवतात. आम्ल आणि आम्लारी असल्यामुळे ते एकास एक या प्रमाणातच जुळतात, स्फटिकरूपात शुद्ध करता येतात आणि द्रावणाचा पीएच पाहून तोल तपासता येतो. वजनकाट्यावर जे अवघड, ते रसायनच करून देतं.

उलट, काही वेळा साखळी फार लांब नको असते. वितळलेला पदार्थ फार घट्ट झाला तर बारीक छिद्रांतून धागा निघत नाही. तेव्हा किंचित ॲसेटिक आम्ल मुद्दाम घालतात. एकाच गटाचा हा रेणू टोकाला बसला की ते टोक कायमचं बंद.

नायलॉन ६,६ मधल्या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला ६ अमाइनमधल्या कार्बन अणूंची संख्या, दुसरा ६ आम्लामधल्या कार्बन अणूंची. नायलॉन ६,१० मध्ये आम्ल दहा कार्बनचं. नायलॉन ६,६ पहिल्यांदा तयार झाला २८ फेब्रुवारी १९३५ रोजी. १९४० मध्ये त्याचे पायमोजे अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आले. ते पाहायला कॅरोथर्स नव्हते, १९३७ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

मग नायलॉन ६ हा संघनन पॉलिमर आहे की नाही?

परीक्षेत हमखास गोंधळ करणारा प्रश्न. पॉल श्लॅक यांनी १९३८ मध्ये जर्मनीत कॅप्रोलॅक्टम या वलयाकार रेणूपासून नायलॉन ६ बनवला. वलय उघडतं आणि तुकडे जोडले जातात, एकूण हिशोबात काहीही बाहेर पडत नाही. त्यामुळे बनण्याच्या पद्धतीवरून पाहिलं तर हे वलय उघडून होणारं पॉलिमरीकरण आहे. रचनेवरून पाहिलं तर तो पॉलिअमाइड आहे, आणि सहा कार्बनच्या अमिनो आम्लापासून पाणी काढून हीच साखळी मिळाली असती. बरीच पाठ्यपुस्तकं त्याला संघनन पॉलिमरांतच बसवतात. उत्तर लिहिताना आपण रचनेबद्दल बोलतोय की पद्धतीबद्दल, हे एका वाक्यात सांगितलं की वाद उरत नाही.

नेहमी पाणीच बाहेर पडतं का?

नाही. आम्लाऐवजी त्याचं क्लोराइड वापरलं तर हायड्रोजन क्लोराइड सुटतो. स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ च्या संशोधनातून आलेलं केव्हलार, म्हणजे अतिशय मजबूत कृत्रिम धागा, असंच बनतं, टेरेफ्थॅलॉइल क्लोराइड आणि पॅरा-फिनिलीन डायअमाइन यांच्यापासून. आम्लाऐवजी त्याचा मिथिल एस्टर वापरला तर मिथेनॉल सुटतं, पीईटी पूर्वी बहुधा याच मार्गाने बनत असे. बिसफिनॉल ए आणि फॉस्जीन यांच्यापासून पॉलिकार्बोनेट बनताना क्लोराइड बाहेर पडतं. सिलिकोनमध्ये तर साखळीत कार्बनच नसतो, सिलिकॉन आणि ऑक्सिजन आलटून पालटून येतात, तरी दोन हायड्रॉक्सिल गटांमधून पाणी निघण्याची क्रिया तीच.

पॉलियुरेथेनमध्ये काहीच बाहेर पडत नाही. आयसोसायनेट आणि अल्कोहोल यांची थेट भर पडते, पण वाढ टप्प्याटप्प्यानेच होते, म्हणून त्याची चर्चा याच कुटुंबात होते.

बेकेलाइट पुन्हा वितळत का नाही?

बेकेलाइट म्हणजे फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून बनणारं कडक प्लास्टिक. ते वितळत नाही, कारण त्यात साखळी नसून जाळं असतं. फिनॉलच्या वलयावर फॉर्माल्डिहाइडशी जुळू शकणाऱ्या तीन जागा असतात. दोन जागा असतील तर सरळ साखळी, तिसरी आली की फांद्या, आणि फांद्या एकमेकींना भिडल्या की संपूर्ण वस्तू एकच अवाढव्य रेणू बनते. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये उष्णता आणि दाब वापरून ही अभिक्रिया काबूत आणली. त्याआधी सुटणाऱ्या वायूंमुळे आणि पाण्याच्या वाफेमुळे सच्छिद्र, फेसाळ गोळा हाती येत असे. दाबामुळे तो फेस थांबला. इथेही अडचण सुटणाऱ्या रेणूचीच होती.

जाळं होण्याचा क्षण मोजताही येतो. ग्लिसरॉलचे २ रेणू आणि थॅलिक आम्लाचे ३ रेणू घ्या. एकूण १२ गट, ५ रेणू, म्हणजे रेणूमागे सरासरी २.४ गट. कॅरोथर्स यांच्या सूत्रानुसार २ भागिले २.४, म्हणजे सुमारे ८३ टक्के गट जुळले की द्रव अचानक घट्ट जेली होतो. प्रत्यक्षात जेली याच्या थोडी आधीच होते, कारण सूत्र सरासरीवर चालतं आणि सरासरीहून मोठे रेणू आधी जाळं विणतात. मेलामाइन आणि युरिया यांची फॉर्माल्डिहाइडबरोबरची रेझिनं याच जातीची.

निसर्गातले संघनन पॉलिमर कोणते?

प्रथिनं, स्टार्च, सेल्युलोज, ग्लायकोजेन, कायटिन, डीएनए आणि आरएनए. पॉलिएस्टरही निसर्गात आहेत. पानांच्या वरच्या मेणचट थरातलं क्युटिन हे पॉलिएस्टर आहे, आणि काही जिवाणू अन्नसाठा म्हणून पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट साठवतात. ते मॉरिस लमॉइन्य यांनी १९२६ मध्ये ओळखलं, कॅरोथर्स पॉलिएस्टरकडे वळण्याच्याही आधी.

ग्लुकोजचं रेणुवस्तुमान १८०. स्टार्च किंवा सेल्युलोजच्या साखळीतल्या प्रत्येक घटकाचं १६२. मधला १८ चा फरक म्हणजे पाण्याचा एक रेणू. निसर्गातल्या संघननाचा हा सर्वांत सोपा पुरावा.

चरबी आणि तेलं मात्र यात येत नाहीत. ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडताना तीन पाण्याचे रेणू सुटतात हे खरं, पण मेदाम्लाला जुळणारा एकच गट असतो, त्यामुळे साखळी पुढे जातच नाही. संघनन आहे, पॉलिमर नाही.

पेशीत तर सगळीकडे पाणीच आहे. मग तिथे पाणी बाहेर कसं पडतं?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि पुस्तकं त्याला बहुतेकदा बगल देतात. प्रथिनाचं समीकरण लिहितात: अमिनो आम्ल अधिक अमिनो आम्ल, बाण, पेप्टाइड अधिक पाणी. पण वर पाहिलं की पाणी असेल तर समतोल उलटा झुकतो. कारखाना ते २८० अंशांना उकळून आणि निर्वातात ओढून काढतो. पेशी सदतीस अंशांना, पाण्यातच बुडालेली. तिथे दोन अमिनो आम्लं एकत्र ठेवली तर ती आपण होऊन जुळणार नाहीत.

पेशी पाणी काढण्याच्या फंदातच पडत नाही. ती किंमत आधी चुकवते. प्रत्येक अमिनो आम्ल प्रथम एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूशी अभिक्रिया करतं आणि एटीपीमधून पायरोफॉस्फेट (दोन फॉस्फेटांची जोडी) सुटतं. मग ते अमिनो आम्ल वाहक आरएनएच्या टोकाला एस्टर बंधाने बसतं. आता त्याचा कार्बोक्झिल गट साधा राहिलेला नाही, तो सक्रिय झाला आहे. प्रथिनं जिथे जोडली जातात त्या रायबोसोममध्ये दुसऱ्या अमिनो आम्लाचा अमाइन गट त्याच्यावर चालून येतो तेव्हा पाणी सुटतच नाही, सुटतो तो वाहक आरएनए. सुटलेल्या पायरोफॉस्फेटचंही लगेच विघटन केलं जातं, म्हणजे मागे फिरायची वाट बंद. वाहक आरएनए आणून बसवणं आणि साखळी एक घर पुढे सरकवणं यासाठी एटीपीसारख्याच जीटीपीचे दोन रेणू लागतात. एका पेप्टाइड बंधामागे उच्च ऊर्जेचे एकूण चार फॉस्फेट बंध खर्च होतात.

सगळा हिशोब एकत्र मांडला तर दर जोडणीला एक पाण्याचा रेणू वजा झालेला दिसतो, म्हणून पुस्तकातलं समीकरण चूक नाही. पण ते पाणी जोडणीच्या जागी सुटत नाही.

कर्बोदकांतही हाच प्रकार. सेल्युलोज आणि ग्लायकोजेन बनवताना ग्लुकोज यूडीपी या फॉस्फेटयुक्त वाहक रेणूला जोडून येतं, वनस्पतींत स्टार्च बनवताना तशाच एडीपीला. जोडणीच्या वेळी यूडीपी किंवा एडीपी सुटतो. शर्करांच्या या सक्रिय रूपांच्या शोधासाठी लुइस लेलवार यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डीएनए बनताना येणारे घटक ट्रायफॉस्फेटच्या रूपात येतात आणि पायरोफॉस्फेट बाहेर पडतं.

आता केव्हलारकडे परत बघा. तिथेही रसायनशास्त्रज्ञाने साधं आम्ल न घेता त्याचं क्लोराइड घेतलं होतं. म्हणजे आम्लाचा हायड्रॉक्सिल गट आधीच बदलून तिथे सहज निघून जाणारा गट बसवला, आणि मग जोडणी कमी तापमानाला, झटपट झाली. पेशी फॉस्फेट वापरते, प्रयोगशाळा क्लोरीन. तत्त्व तेच आहे. मला हा दुवा संपूर्ण विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो, आणि तो शाळेतच सांगायला हवा असंही वाटतं.

नायलॉन आणि प्रथिन दोन्हींत अमाइड बंध असतो. मग फरक काय?

बंध तोच, शिस्त वेगळी. नायलॉनच्या भांड्यात कोण कोणाला भेटेल हे योगायोगावर सोडलेलं असतं, त्यामुळे शेकड्याने वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या एकत्र नांदतात. संघनन पॉलिमरमध्ये वजनाधारित सरासरी (जिच्यात मोठ्या साखळ्यांचा वाटा जास्त धरतात) साध्या, संख्याधारित सरासरीच्या जवळपास दुप्पट निघते, ती यामुळेच. प्रथिनात मात्र जनुकातल्या क्रमाप्रमाणे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून नेमकं एक ठरलेल्या जागी बसतं. मानवी इन्सुलिनचा प्रत्येक रेणू ५१ अमिनो आम्लांचा, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. इन्सुलिनचा क्रम शोधल्याबद्दल फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चं नोबेल मिळालं.

आणखी एक बारकावा. नायलॉन ६,६ मध्ये अमाइड बंधाची दिशा आलटून पालटून उलटते, कारण एका मोनोमरला दोन्हीकडे अमाइन आणि दुसऱ्याला दोन्हीकडे आम्ल. प्रथिनात प्रत्येक मोनोमरला एकीकडे अमाइन आणि दुसरीकडे आम्ल, त्यामुळे सगळे बंध एकाच दिशेला. या बाबतीत नायलॉन ६ प्रथिनाच्या जवळचा.

साम्यही जाता जाता पाहा. शेजारच्या साखळ्यांमधले अमाइड गट हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. रेशमाची आणि नायलॉनची बळकटी दोन्हींकडे मुख्यतः तिथूनच येते.

स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच. मग एक पचतं आणि दुसरं नाही, असं का?

स्टार्चमध्ये जोडणी अल्फा प्रकारची, सेल्युलोजमध्ये बीटा. एवढ्याशा फरकाने स्टार्चची साखळी वळत जाते, सेल्युलोजची सरळ राहते. सरळ साखळ्या शेजारीशेजारी घट्ट बसतात, म्हणून कापसाचा धागा होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. आपल्या लाळेतलं ॲमिलेज हे विकर (एन्झाइम) अल्फा बंध तोडतं. सेल्युलोजचे बीटा बंध तोडणारं विकर आपलं शरीर बनवत नाही.

नैसर्गिक रबर कोणत्या गटात?

पुस्तकात समावेशन पॉलिमर, कारण त्याची रचना आयसोप्रिन जोडत गेल्यासारखी दिसते. पण रबराच्या झाडात मोकळं आयसोप्रिन कधी जोडलंच जात नाही. तिथे आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट एकामागून एक जोडलं जातं आणि प्रत्येक वेळी पायरोफॉस्फेट सुटतं. झाडाच्या दृष्टीने पाहिलं तर रबर संघननानेच बनतं, फक्त वाढ एकाच टोकाला होते. परीक्षेत विचारलं तर पुस्तकातलं उत्तर लिहा, पण झाडात काय घडतं तेही लक्षात असू द्या.

संघनन पॉलिमर पाण्याने तुटतात का?

हो, पाणी जिथून सुटलं तिथेच ते परत जाऊन बसू शकतं. याला जलीय अपघटन म्हणतात. पचन म्हणजे हेच. प्रथिनाचा पेप्टाइड बंध साध्या पाण्यात, विकराशिवाय, तुटायला शेकडो वर्षं लागतात, पोटात तेच काम काही तासांत होतं.

पीईटीचे दाणे वितळवण्याआधी वाळवण्याचा इतका आटापिटा का करतात, हे एका हिशोबात कळतं. सरासरी रेणुवस्तुमान २०,००० धरा. म्हणजे २० किलो पीईटीमध्ये साखळ्यांचा १ मोल. पाण्याचा एक रेणू एक बंध तोडतो, एका साखळीच्या दोन करतो. १ मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम. वीस किलो प्लास्टिकमधलं अवघं १८ ग्रॅम पाणी, वजनाने ०.०९ टक्के, सगळ्या साखळ्यांची सरासरी लांबी निम्म्यावर आणायला पुरेसं आहे. म्हणून वितळवण्यापूर्वी ओलावा ०.००५ टक्क्यांच्या खाली आणतात.

हाच दुबळेपणा पुनर्वापरासाठी वरदान ठरतो. पीईटीला ग्लायकॉल, मिथेनॉल किंवा पाण्याबरोबर तापवून पुन्हा मोनोमर मिळवता येतात आणि त्यातून नवं पीईटी बनवता येतं. पॉलिथिनच्या कार्बन-कार्बन साखळीत पाण्याने हल्ला करावा अशी जागाच नसते, त्यामुळे तिथे ही सोय नाही. जपानमध्ये सापडलेल्या इडिओनेला सकायेन्सिस या जिवाणूकडे पीईटीचे एस्टर बंध तोडणारं विकर असल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं.

मग पीईटीची बाटली मातीत कुजत का नाही?

एस्टर बंध आहे म्हणून पदार्थ कुजेलच असं नाही, तिथपर्यंत पाणी आणि विकर पोचायला हवं. पीईटीच्या साखळीत बेंझिनची ताठ वलयं असतात, बराच भाग स्फटिकमय असतो आणि साधारण ७० अंशांच्या खाली साखळ्या हलतही नाहीत. लॅक्टिक आम्लापासूनचं पीएलए तुलनेने लवकर तुटतं, पण त्यालाही सुमारे ६० अंशांचं गरम, ओलसर कंपोस्ट लागतं. थंड मातीत किंवा समुद्रात ते बराच काळ तसंच राहतं. ‘वनस्पतीपासून बनवलेलं’ आणि ‘कुजणारं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातींत त्या सर्रास एकत्र केल्या जातात.

प्रयोगशाळेत नायलॉन करून दाखवता येतो का?

येतो. पॉल मॉर्गन आणि स्टेफनी क्वोलेक यांनी १९५९ मध्ये शिक्षकांसाठी हा प्रयोग लिहिला. चंचुपात्रात हेक्सामिथिलीन डायअमाइनचं पाण्यातलं द्रावण घेतात, त्यात थोडं सोडियम हायड्रॉक्साइड असतं. त्यावर सेबॅकॉइल क्लोराइडचं हेक्सेनमधलं द्रावण हळूच ओततात. दोन थर मिसळत नाहीत. जिथे ते भेटतात तिथे क्षणात नायलॉन ६,१० चा पातळ पापुद्रा धरतो. चिमट्याने तो मधोमध उचलला की खाली नवा पापुद्रा तयार होतो, आणि दोरी निघतच राहते.

इथे एकास एक प्रमाणाची काटेकोर गरज पडत नाही, कारण जोडणी सीमेवर होते आणि दोन्ही बाजूंनी मोनोमर लागेल तसा येत राहतो. सुटणाऱ्या हायड्रोजन क्लोराइडला सोडियम हायड्रॉक्साइड लगेच निष्प्रभ करतं. ते नसतं तर आम्लाने अमाइनलाच अडकवून ठेवलं असतं आणि दोरी लवकर तुटली असती.

हा प्रयोग घरी करू नका. आम्ल क्लोराइड डोळ्यांना आणि श्वासाला घातक, अमाइन त्वचा भाजणारं, हेक्सेन ज्वलनशील. शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे आणि चष्मा घालून, धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करावा. ओढलेल्या दोरीत दोन्ही द्रावणं अडकलेली असतात, त्यामुळे भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये. उरलेले दोन थर काचेच्या कांडीने ढवळून पूर्ण अभिक्रिया होऊ द्यावी, जमलेला नायलॉन गाळून काढावा, हेक्सेनचा थर वेगळा करून सेंद्रिय द्रावकांच्या टाकाऊ बाटलीत जमा करावा आणि सिंकमध्ये काहीही ओतू नये.